कोसमटोल्याचा तीन ओळींचा ठराव

ब्रह्मपुरी
१८ जुलै २००३

आदरणीय फारूक भाईजान यांस धाकटी बहीण जरीनाचा सलाम.

माझी तब्येत ठणठणीत आहे. तुमचे गुडघे कसे आहेत ते खरे खरे कळवा. मागच्या पत्रातले ‘ठीक’ मी ग्राह्य धरलेले नाही. शिरीन भाभींनी मीठ कमी केले का? केले नसेल तर मी येऊन बघेन. (पत्र मराठीत लिहिते आहे. उर्दूत लिहिले की तुम्ही ते पेशइमामांकडून वाचून घेता आणि आपल्या घरातले सगळ्या राजुऱ्याला कळते.)

आता मुद्द्याचे. आपल्या कैफच्या पलटणीचे नाव इराकला जाणाऱ्यांत घेतले जात आहे, हे कळल्यावर तुम्ही चौकात पेढे वाटलेत. मुलगा परदेशी जाणार, अमेरिकेच्या फौजेच्या खांद्याला खांदा लावून उभा राहणार, असे तुम्ही पानवाल्यालासुद्धा सांगितलेत. मला इथे रात्रभर झोप आली नाही. ज्या देशाने आपले काही बिघडवले नाही, तिथे दुसऱ्याने घुसून केलेल्या पसाऱ्यावर पहारा करायला आपले पोर का जावे? मी १९६४ साली राज्यशास्त्र घेऊन बी.ए. झाले आणि तीस वर्षे मुलींना नागरिकशास्त्र शिकवले, ते काय परीक्षेपुरते? मी सकाळी चहा घेतला आणि ठराव लिहायला बसले. अकरा कलमे झाली.

तो घेऊन आमच्या महिला मंडळात गेले. खजिनदार निशाताईंनी पहिले कलम ऐकले आणि म्हणाल्या, “जरीनाबाई, ते तुमच्यातले ना, म्हणून तुमचा जीव तुटते.” मी म्हटले, बाई, इराकमध्ये माझे कोणी नाही, फौजेत आहे. त्यावर लगेच पापडाच्या ऑर्डरीचा विषय निघाला. उरलेली दहा कलमे मी पिशवीत घातली आणि घरी आले.

तेव्हा माझी जुनी विद्यार्थिनी अन्नपूर्णा भेटली. ती नदीपलीकडे गडचिरोली जिल्ह्यात, कोसमटोल्याला अंगणवाडी चालवते. जंगलातले चाळीस घरांचे गाव, सगळे गोंड. ती म्हणाली, “बाई, आमच्या गावसभेत आना ना. आमी कोनत्याबी गोष्टीवर बसतो.” मी २९ जूनच्या रविवारी जीपमध्ये अकरावी सवारी म्हणून बसून गेले. (मांडीवर एक कोंबडी होती. ती माझी नव्हती.) सोबत शाळेतला जुना पृथ्वीगोल घेतला होता. शाळेच्या पडवीत सभा भरली. मी अलिप्ततावादावर चाळीस मिनिटे बोलले. लोकांनी इतके शांतपणे ऐकले, की नोकरीच्या तीस वर्षांत असा वर्ग मला मिळाला नव्हता. शेवटी इसरू नावाच्या सत्तरीच्या म्हाताऱ्याने कॅस्पियन समुद्रावर बोट ठेवून एवढेच विचारले, की या तलावात मासे आहेत का. आहेत, म्हटले. त्याचे समाधान झाले.

मग मी म्हटले, ठरावाच्या बाजूने असतील त्यांनी हात वर करावेत. चाळीसएक हात वर गेले, दोनच खाली राहिले. मी ‘मंजूर’ म्हणून टाळ्या वाजवल्या. माझ्याखेरीज कोणीच वाजवल्या नाहीत. अन्नपूर्णा कानाशी येऊन म्हणाली, “बाई, इथी हात मोजत नाई. एक जरी नाई म्हनला तं त्याले समजवाचं, नाई तं आपन समजून घ्याचं. तवरी ठराव होत नाई.” भाईजान, बहुमत हा लोकशाहीचा पाया, हे वाक्य मी तीस वर्षे फळ्यावर लिहीत आले. त्या दिवशी खडू हातात नव्हता हे बरे झाले.

खाली राहिलेल्या दोन हातांपैकी एक इसरूचा. तो म्हणाला, “बाई, पोराले धाडून राह्यले म्हनता. जाऊ नोको असं तुमी म्हनता. पोराले कोनी इचारलं का?” मी विचारले नव्हते. दिल्लीने त्याला विचारले नाही म्हणून अकरा कलमे लिहिणारी मी, मीही विचारले नव्हते. सभा तिथेच उठली.

शुक्रवारी कैफचा नेहमीप्रमाणे फोन आला, तेव्हा विचारले. तो म्हणाला, “फुफी, हुकूम आया तो जाऊँगा. दिल की तो किसीने पूछीच नहीं.” मी म्हटले, मी विचारते आहे. मग तो म्हणाला, मन नाही. सरहद्दीवर पाठवा, एका पायावर जाईन. पण दुसऱ्याच्या घराच्या दारात बंदूक घेऊन उभे राहायचे, आणि घरातली माणसे आपल्याकडे बघणार, ते जमणार नाही. हे मी पुढच्या रविवारी सभेत सांगितले. इसरूने मान हलवली.

दुसरा हात दसरूचा. हा तरुण दहावी झालेला आहे. त्याचे म्हणणे, अमेरिका मोठी, तिच्या सोबत राहिले तर आपलेही वजन वाढेल. मी उत्तर द्यायला उभी राहिले, पण इसरूने मला खाली बसवले (मला!) आणि दसरूला जवळ बोलावून आपल्या कपाळावरच्या खोकेचा वण दाखवला. पन्नास वर्षांपूर्वी मालगुजाराच्या (म्हणजे इथल्या जमीनदाराच्या) सोबत काठी घेऊन तो शेजारच्या गावात भांडायला गेला होता. भांडण बांधाचे, बांध मालगुजाराचा. आठ दिवसांनी मालगुजार आणि तिथला पाटील एका पंगतीत जेवायला बसले. “मी घरी पडून होतो. त्याहीनं मले जेवाले बी नाई बलावलं. माह्यं वजन वाढलं म्हनतं का तू?” सगळी पडवी हसली. दसरूही हसला, आणि म्हणाला, लिहा.

१३ तारखेला तिसरी बैठक झाली. भाताच्या रोवणीचे दिवस, तरी चिखलाच्या पायांनी सगळे आले. माझ्या अकरा कलमांच्या तीन ओळी झाल्या. त्या अशा:

ज्या गावाने बोलावले नाही, त्याच्या शिवेत हत्यार घेऊन जायचे नाही.
मोठा सोबत आहे म्हणून दुसऱ्याच्या भांडणात उतरायचे नाही.
ज्याला पाठवायचे, त्याला आधी विचारायचे.

यात एक शब्दही कमी-जास्त करण्यासारखा नाही. विद्यापीठात मला याहून चांगले कोणी शिकवले नाही, हे मी लिहून देते. पडवीत एकही नकार उरला नाही. इतका अभिमान मला निवृत्तीच्या समारंभातही वाटला नव्हता (त्यात शाल आखूड होती).

भाभींना सलाम. गोळ्या वेळेवर घ्या.

तुमची धाकटी बहीण,
जरीना

ता. क. सोमवारी दिल्लीने जाहीर केले, की फौज पाठवणार नाही. तुम्ही रेडिओवर ऐकलेच असेल. मी बुधवारी मुद्दाम कोसमटोल्याला सांगायला गेले. इसरू भाताच्या बांधीत रोवणी करत होता. कंबर न उचलता म्हणाला, “दिल्लीचं झालं का? बरं झालं. आपलं नाई झालं अजून.”

ता. क. २. वर मी ‘एकही नकार उरला नाही’ असे लिहिले, ते खरे आहे. पण ठराव वहीत चढवताना इतवारी नावाच्या म्हातारीने विचारले, “पोराचा बाप काय म्हनते?” मी पेढ्यांचे सांगितले. लोक हसले, मग कोणी हसेना, आणि बापाचे कळेपर्यंत म्हणून वही मिटली गेली. त्या तीन ओळी सोबतच्या कागदावर लिहून पाठवत आहे. खाली सही करा. करायची नसेल तर २७ तारखेच्या रविवारी स्वतः येऊन कारण सांगा; सभा संध्याकाळपर्यंत बसेल, आणि मी मध्ये एक शब्द बोलणार नाही. अमेरिकेने पुन्हा विचारले तर दिल्लीचे उत्तर बदलू शकते. कोसमटोल्याचे एकदा वहीत चढले, की बदलायला एकूण एक माणूस लागेल, आणि त्यात तुम्हीही असाल.

ता. क. ३. पाकीट बंद करणार तोच कैफचा फोन आला. मी त्याला तिन्ही ओळी वाचून दाखवल्या. त्याने तिसरी ओळ पुन्हा वाचायला लावली. मग म्हणाला, “अब्बूने दस्तख़त किए?” मी म्हटले, हो, केली. भाईजान, मी कैफशी आजवर कधी खोटे बोललेले नाही. उलट टपालाने सही पाठवा.