अमूनच्या गायिकेची पाटी

प्रिय शशी,

मंगळवारी तुझ्या दियाचा फोन आला. "मावशी, आईचा आवाज गेला. पूर्ण गेला." डॉक्टरांनी घशात कॅमेरा घालून पाहिलं, काहीच सापडलं नाही म्हणे. मी तिला धीर दिला, की तुझ्या बाबांना घरात बोलायची ही पहिलीच संधी आहे, मिळू दे बिचाऱ्यांना. पोरगी हसली नाही. फोन ठेवल्यावर मलाही हसू आलं नाही. तिकडे लंडनला पिनरमधला तुझा गाण्याचा क्लास बंद पडलाय, तू पाटीवर लिहून दूध मागतेस, आणि मी इथे रीडिंग शहरात बसून विनोद करतेय.

आमच्या म्युझियममध्ये शनिवारी नवं दालन उघडतंय. विषय आहे प्राचीन इजिप्तच्या देवळांत गाणाऱ्या बायका. तीन हजार वर्षांपूर्वी बड्या घरच्या लेकी-सुना पाळीपाळीने अमून देवापुढे गायला जायच्या. हातात सिस्ट्रम, म्हणजे दांड्यांचा काशाचा खुळखुळा. पुढे स्वतःच्या शवपेटीवर तोऱ्यात लिहवून घ्यायच्या, 'अमूनची गायिका'. आपल्या मंडळाच्या कमिटीतल्या बायका हे व्हॉट्सॲपवर भागवतात, एवढाच फरक. आमच्याकडच्या पेटीवर मात्र फक्त ती पदवी मूळची आहे. पुढचं नाव कुणीतरी खरवडून काढलंय आणि त्या जागी दुसऱ्याच बाईचं रंगवलंय. त्या लोकांची समजूत अशी, की नाव पुसलं की माणूसच पुसलं जातं. मी हे शाळेच्या सहलींना रोज सांगते, आणि मग डबा खाते.

दालनात बाईचा आवाज हवा होता. मी स्लाऊच्या कार्यक्रमातलं जुनं रेकॉर्डिंग दिलं. तू भूपाळी गातेस आणि शेजारी माझी झांज, ते. आमची क्युरेटर डोळे मिटून ऐकत राहिली. मग म्हणाली, कस्तुरी, तू गातेस हे कधी बोलली नाहीस! 'ती माझी मैत्रीण' म्हणायला कितीसा वेळ लागतो, शशी? पण वीस वर्षं मी तुझ्या शेजारी झांज वाजवली. लोक तुला शाल द्यायचे आणि मला विचारायचे, चहा उरलाय का. मी नुसती हसले. सोमवारी सकाळी भिंतीवर पाटी लागली, त्यावर 'आवाज' म्हणून नाव माझं.

मंगळवारी रेकॉर्डिंगमधला तुझा आवाज बारीक झाला. स्पीकर बदलला, वायरी बदलल्या. बुधवारी नुसती झांज उरली. माझ्या कॉम्प्युटरवरची मूळ फाईलही तशीच झालेली. आणि ती झांज माझी नाही गं. मी दर चौथ्या ओळीला सम चुकते, ही चुकत नाही. दालनातल्या सिस्ट्रमची काचपेटी सीलबंद आहे, पण आज सकाळी तो आपल्या जागेवरून बोटभर सरकलेला होता.

हे सगळं तुझ्या तोंडावर सांगायची हिंमत नव्हती, म्हणून लिहितेय. दुपारी मी ती पाटी नखांनी खरवडून काढली. क्युरेटरला सगळ्यांदेखत खरं काय ते सांगितलं. ती 'आय सी' म्हणाली, आणि इंग्रज माणसाचं 'आय सी' काय असतं ते तुला माहीत आहे. आता तिथे तुझं पूर्ण नाव आहे. रेकॉर्डिंग लावून बघायचं धाडस मात्र अजून झालेलं नाही. आधी तुझ्याकडून कळू दे. शिव्या घालशीलच, पण लिहून पाठवू नकोस, शशी. फोन कर, आणि तोंडाने घाल.

वाट बघत बसलेली, तुझीच
कस्तुरी