चक्कीच्या पुढे

आई, तू गेल्यावर मी इतवारीतल्या घरी राहायला आले ती दादासाठी. पन्नाशीला आला तरी त्याची समज लहान पोराची, त्याला एकटं कसं ठेवणार? तो दिवसभर टीव्हीसमोर बसून सुजत गेला, शुगर वाढली. डॉक्टर म्हणाले, असाच बसला तर पाय निकामी होतील. मी रोज म्हणायची, "चाल ना गा दादा, जरा फिरून येऊ." त्याचं उत्तर एकच, "आईसंग." तुला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी आईसंगच!

अशा माणसांना सांभाळणाऱ्या घरच्यांसाठी एक वर्ग भरतो, तिथं गेले. तिथल्या बाईंनी आधी माझं 'चाल' म्हणणंच बंद केलं. हुकूम सोडू नका म्हणाल्या, त्याच्या आवडीचं काम द्या आणि तुम्ही सोबत चाला. पूर्वी आवडीनं काय करायचा, हेही विचारलं. उत्तर माझ्या ओठांवर होतं, तरी सांगवेना, कारण ते तुझं होतं. तुझ्याबरोबर दळणाचा डबा खांद्यावर घेऊन चक्कीवर जाणं. मी तर पाकिटातलं पीठ आणते.

शेवटी गहू आणले, निवडले, डबा अर्धाच भरला. महिनोन्महिने विनवण्या करून जो हलला नाही, तो डबा बघताच चपला घालून दारात उभा! मला आनंद व्हायला हवा होता. मी जळले, आई. वर चक्कीवाला म्हणतो, "आईसंग तं कसा झपाझप ये हा! तुमच्यासंग काहून रेंगाळून राहिला?" तरी दिवसाआड थोडं थोडं दळण काढत राहिले.

परवा लाइन गेली होती, चक्की बंद. डबा तिथंच ठेवला. वाटलं, आता हा घराकडे वळणार. तर त्यानं माझं मनगट धरलं. "समोर चाल वं." हातगाड्यांतून वाट काढत थेट भांड्यांच्या दुकानांपर्यंत गेलो आम्ही. घामानं निथळत होता आणि हसत होता. गर्दीत हरवेल म्हणून तू त्याला चक्कीपुढे कधी नेलंच नाहीस. घरी येईपर्यंत त्यानं माझा हात सोडला नाही.

हा कागद कुठंच जाणार नाही, म्हणून खरं ते लिहिते. त्या गर्दीत मनात आलं, आज आई असती तर त्यानं तिचाच हात धरला असता. आणि तू नाहीस याचं मला बरं वाटलं.