सतरावा रकाना

सर, माझं सगळं बदललं ते एका दुपारी, सोसायटीच्या कचेरीत, एका छापील फॉर्मच्या सतराव्या रकान्यात मी दोन अक्षरं लिहिली तेव्हा. कॉलेजात गेलो म्हणून तुम्ही जो पेन दिला होता, त्याच पेननं लिहिली. आता सांगतोय, कारण आता तुम्ही फाडकन उलटं बोलू शकत नाही. मेलेल्या माणसाशी भांडायला बसलं की एवढी एक सोय असते. वर्गात तुम्ही म्हणायचात, "तुझं डोकं म्हंजे तापलेला तवा हाय. त्याच्यावर भाकर व्हायची न्हाय, नुसता धूर व्हायचा." सगळा वर्ग हसायचा. तिशी उलटली तरी तवा गार झालेला नाही, सर. तुमचं अजून खरं आहे, आणि त्याचाच मला राग येतो.

बहात्तरचं ते साल. ओढा आटलेला, हिरी आटलेल्या, आणि रेशनवर ती तांबडी मिलो. जनावरं तोंड फिरवायची ती ज्वारी आपण खात होतो. ज्या देशातून मिलो आली त्याच देशाचं बोअर पाडायचं मशीन त्या उन्हाळ्यात अणदूरकडनं गावात आलं, म्हणून गावानं त्या लोकांना मिलोवाले म्हणायला सुरुवात केली. मशीन सोसायटीनं घेतलं होतं, जवळजवळ फुकटात. चेअरमन माझे वडील, दादा. मी सोलापूरला कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होतो, सुट्टीला आलो आणि कचेरीत टाईपरायटरवर तुमची मुलगी बसलेली बघितली. परत गेलोच नाही. दादांना म्हणालो, गाव तहानलेलं असताना पुस्तकं वाचायची लाज वाटते. दादांना ते इतकं आवडलं की त्यांनी चार माणसांत सांगितलं. मशीनबरोबर हिंडून फॉर्म भरायचं काम मी मागून घेतलं. मी मराठीत भरायचो, ती इंग्रजीत टाईप करायची, कार्बन लावून तीन प्रती. माझं अक्षर तिच्या डोळ्यांखालून जातंय, एवढ्यावर मी दिवस काढत होतो. हसा आता.

तुम्हीच एक दिवस फॉर्म मागून घेतलात. शाळेच्या व्हरांड्यात, सुट्टीच्या वेळी, मांडीवर वही ठेवून तुम्ही पेन्सिलीनं एकेक रकाना टोचत गेलात. खोली किती, खडक कुठला, पाणी किती फुटांवर. "इथवर ठीक हाय." मग पुढचे. पक्की सडक किती लांब. ओढ्यावरच्या पुलावरून किती भाराचा ट्रक जातो. गावात रेडिओ किती, कुठलं स्टेशन साफ ऐकू येतं. मिलो माणसं खातात का जनावरांपुढं टाकतात. गाव कुणाचं ऐकतं.

"पाण्याला पूल कशाला लागतो रं?" तुम्ही विचारलंत.

"मशीन न्यावं लागतंय ना, सर."

"मशीन तर आलंय की. बरं, अन् रेडिओ? रेडिओ लावला की पाणी लागतंय व्हय?"

मग तुम्ही विचारलंत, फॉर्म भरला नाही तर काय होतं. मी सांगितलं, बिट मिळत नाही. बिट म्हणजे मशीनचा पोलादी दात. आपल्या काळ्या खडकात थोड्याच बोअरांत त्याची धार जायची आणि नवा दात फक्त त्यांच्याकडं. भरलेल्या फॉर्मांचा गठ्ठा गेला की दात यायचा, नाहीतर मशीन वडाखाली उभं. तुम्ही पेन्सिल कानामागं खोचलीत.

"म्हंजे ते मशीन विकत न्हाईत. मशीनचं झिजणं विकतात," तुम्ही म्हणालात. "धान्य दिलं, तवा कोण किती उपाशी हाय ते त्यांना कळलं. मशीन दिलं, तवा जमिनीखाली काय हाय ते कळलं. उद्या अजून कायतरी देतील, अन् अजून कायतरी कळंल. पूर्वीचे राजे साधूच्या वेशात हेर धाडायचे. त्याला खाऊ घालावं लागायचं, धरला गेला तर सोडवावं लागायचं. ह्यांना खर्चच न्हाय. हेर आपलाच पोरगा, अन् पगार आपलीच सोसायटी देती."

तुम्ही माझ्याकडं बघून म्हणालात. टोपी माझ्याच डोक्यावर घातलीत. त्या दिवसापासून मी तुमच्यावर डूख धरून होतो, हे तुम्हाला मालूम होतं का?

म्हणून ग्रामपंचायतीसमोरच्या सभेत तुमची जी फजिती झाली, ती मी अजून मनातल्या मनात काढून बघतो. सगळं गाव जमलेलं. तुम्ही उठलात, घसा खाकरलात आणि म्हणालात, "गावात हेर आलेत!" पुढं बसलेला एक म्हातारा, कानानं अधू, ताडकन उठला. "हीर आली? कुणाच्या रानात?" झालं. मागच्यांनी हीरच ऐकलं. विहिरीला हीर म्हणणारं गाव, त्यात घसे कोरडे पडलेले. लोक टाळ्या पिटायला लागले, कुणीतरी चेअरमन साहेबांच्या नावानं जयजयकार केला. "हीर न्हवं, हेर! हेर!" तुम्ही ओरडत होतात. "तेच की, मास्तर," म्हातारा म्हणाला, "एवढं वरडून सांगायला आमी का भैरे हाव?" सगळ्यांत मोठ्यानं मी हसलो. हसता हसता बायकांच्या बाजूला बघितलं. ती हसत नव्हती. तुम्ही खाली बसलात आणि चष्मा पुसत राहिलात. एका मात्रेनं हरलात, सर.

तरी मी आठ दिवसांनी तुमच्या दारात आलो. ओढ्यापलीकडच्या वस्तीवर, दिवसाउजेडी, चारचौघांच्या देखत. छप्पननंतर तुमच्या लोकांनी घरातले देव पाण्यात सोडले, पण वस्ती ओढ्यापलीकडंच राहिली आणि पाणी अलीकडं. तुम्ही मला स्वयंपाकघरातच बसवलंत. चुलीवर मिलोची भाकरी, थापता थापता फुटणारी. तुम्ही फुलपात्रात पाणी दिलंत. मी ते घटाघट प्यालो आणि तुमच्याकडं बघितलं. काय बघितलं ते तुम्ही तिथंच ओळखलंत.

"शाबासकी पायजे काय?" तुम्ही म्हणालात. "आमच्या घरचं पाणी प्यालास म्हणून?"

मी रागानं लाल झालो. जे बोलायचं ठरवून आलो होतो ते एका दमात बोलून टाकलं. तिच्याशी लग्न करायचंय, दादांना काय वाटतं त्याची फिकीर नाही, गाव सोडू, कुठंही राहू. आतल्या खोलीत भांडं पडल्याचा आवाज आला. तुम्ही रागावला नाहीत, तेच वाईट झालं.

"तुमच्या मळ्यातल्या हिरीला तेवढं पाणी हाय," तुम्ही म्हणालात. "तिथं पाणी कोण शेंदतं?"

मी खाली बघितलं. आमच्या हिरीवर तुमच्या बायका घागरी घेऊन कडंला उभ्या राहायच्या, कुणीतरी वरनं ओतेपर्यंत.

"फॉर्ममधी सतरावा रकाना तोच हाय. मुख्य विहिरीवर पाणी कोण भरतं. तू बाकीचे सगळे खोटे भर. पूल मोडलाय म्हन, रेडिओ एकबी न्हाय म्हन, मी पाठ थोपटतो. पण सतरावा खरा भर. आपल्या पंचायतीच्या, सोसायटीच्या, कुठल्याच वहीत ते लिहिलेलं न्हाय. चोराच्या वहीत का हुईना, एकदा लिहून ठिव. मग ये पाणी प्यायला. बाकीचं मग बोलू."

केवढी सोपी अट. आणि तिचा परिणाम काय हेही मला पक्कं माहीत होतं. मिलोवाल्यांचा नियमच होता, ज्या हिरीवर सगळं गाव पाणी भरतं तिच्या शेजारी बोअर पाडायचं, आणि काही लोक भरू शकत नसतील तर बोअर त्या लोकांच्या वस्तीत. खरं लिहिलं असतं तर मशीन ओढा ओलांडून तुमच्या दारात आलं असतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी कचेरीत मी आपल्या गावाचा फॉर्म पुढं घेतला. पूल, सडक, रेडिओ, मिलो, सगळं खरं भरलं. सतराव्यापाशी पेन टेकवला. समोर ती बसलेली, कागदाची वाट बघत. तिच्या लोकांना आमच्या हिरीवर चढू देत नाहीत, हे मी लिहायचं आणि तिनं तिच्या बोटांनी टाईप करायचं, हे मला सहन होईना. मी लिहिलं, सर्व.

तिनं फॉर्म टाईपरायटरशेजारी ठेवला. टकटक सोळा रकाने आले. मग आवाज थांबला. मिलोवाल्यांचा एजंट, सफारी घातलेला, पंख्याखाली पेपर वाचत होता.

"साहेब," तिनं त्याला विचारलं, माझ्याकडं न बघता, "सर्वला इंग्रजीत ऑलच म्हणतात ना?"

"हां, ऑल. का?"

"काय न्हाय. मला वाटलं एवढ्या मोठ्या गोष्टीला मोठा शब्द असंल. तीनच अक्षरं हायत." आणि तिनं ती तीन अक्षरं दाबली, एकेक, सावकाश.

बोअर आमच्या मळ्यात लागलं. पाणी भरपूर. हापसा बसला, दादांनी हार घातला, तांबड्या तोंडाच्या परदेशी साहेबानं फोटो काढला. पंधरा दिवसांत दादांनी हापशाच्या दांड्याला साखळी आणि कुलूप घातलं, पोरं खेळून मोडतात म्हणून. किल्ली आमच्या घरात. तुमची वस्ती ओढ्याच्या वाळूत झिरा उकरून वाटीवाटीनं पाणी भरत राहिली. त्या झिऱ्यात वरनं गुरं उतरायची. पावसाळ्याच्या तोंडाला वस्तीत कावीळ आली, आणि त्यात तुम्हीही.

मी बघायला आलो होतो. आठवतं? तुमचे डोळे हळदीसारखे झाले होते. ती वाटीत कसला तरी रस घेऊन उभी होती. वाटी हलत नव्हती. तुम्ही मला जवळ बोलावून माझा हात धरलात.

"सतराव्यात काय लिवलंस?"

ती उभी होती. तुम्हाला मालूम असणार, तिनं सांगितलं असणारच. तरी मी तुमच्या पिवळ्या डोळ्यांत बघून म्हणालो, "खरं लिहिलं, सर."

तुम्ही हसलात. दम लागेपर्यंत हसलात. "मग त्या देशाला आपल्याबद्दल सगळंच कळलं म्हन की," म्हणालात. मग हात सोडून दिलात. "अक्षर सुधार जरा."

चौथ्या दिवशी तुम्ही गेलात. त्या वर्षी ती औरंगाबादला नोकरीला गेली, तिकडंच लग्न झालं. जाताना कचेरीत आली होती, टाईपरायटरची किल्ली द्यायला. मी दारात उभा होतो. "बाजूला व्हा," एवढंच म्हणाली. तुम्हाला उगाच वाटायला नको की माझी प्रेमकहाणी अर्धवट राहिली. ती त्या दोन शब्दांत पुरी झाली.

आता हे सगळं आज का उकरलं, ते सांगतो. दादांनंतर चेअरमन मी आहे. हापशाचं पाणी खाली गेलंय, जास्त खोल जाणारं मशीन पाहिजे. तोच एजंट आज सकाळी आला, केस पांढरे, सफारी तीच म्हणा. त्यानं टेबलावर दोन गोष्टी ठेवल्या. एक फोटो, आकाशात फिरणाऱ्या यंत्रानं काढलेला. पाणी कुठं मुरतं ते रंगांवरून कळतं म्हणे. ओढ्याचं वळण, आमचा मळा, तुमची वस्ती, घरं मोजता येतात. दुसरा एक लांबलचक कागद, दोन्ही कडांना भोकं असलेला, कॉम्प्युटरवर छापलेला. आपल्या गावाचं नाव, पूल किती भाराचा, रेडिओ किती, आणि सतराव्या जागी तीन अक्षरं. माझा खोटेपणा समुद्रापलीकडं जाऊन, तिथल्या कुठल्यातरी थंडगार खोलीत इतकी वर्षं जपून ठेवला जाऊन, छापून परत आला होता. तुम्ही म्हणत होतात तसं झालं, सर. त्यांना आपलं सगळं कळलं. फक्त ज्यानं माणूस मेला तेवढं कळलं नाही, कारण ते त्यांना सांगायचं काम माझ्याकडं होतं.

"एवढं वरनं दिसतंय तर फॉर्म कशाला?" मी एजंटला विचारलं.

"फोटोत माणसं दिसत नाहीत, साहेब," तो म्हणाला. "ती तुम्ही भरायची. जुनाच फॉर्म आहे, काही बदललं असेल तर बदला." आणि जेवायला गेला.

फोटोवर मी भिंग धरून बघितलं. हापसा ठिपक्याएवढा दिसतो. साखळी दिसत नाही.

इतकी वर्षं मी स्वतःला एकच सांगत आलो, ती टाईप करणार होती म्हणून मी तसं लिहिलं. लाजेनं लिहिलं, प्रेमानं लिहिलं. तुम्हालाही तेच सांगायला बसलो होतो, चार पानं त्याच्यासाठी लिहिली. पण सर, फॉर्म मी हे पत्र लिहायला बसायच्या आधीच भरून ठेवलाय. समोर टाईपरायटर नाही, ती नाही, तुम्ही नाही, दादासुद्धा नाहीत. सतराव्या रकान्यात मी सर्व लिहिलंय. म्हणजे तेव्हाही कारण ती नव्हती.

अक्षर मात्र या वेळी चांगलं आलंय.

हे कागद घडी करून टेबलाच्या खणात टाकतो, जुन्या कार्बनच्या तावांखाली. एजंट जेवून येताना दिसतोय. फॉर्म त्याच्या हातात देतो, बाहेर पडतो आणि दार ओढून घेतो.