गेला का वास

अप्पा, आपल्या ड्रायक्लीनिंगच्या दुकानातलं तेल मी परवा बंद केलं. ज्यात तुम्ही अर्ध्या लातूरच्या लग्नातले कोट अन् शालू धुतले, ज्याला पेट्रोलसारखा वास यायचा अन् आपण ज्याला नुसतं तेल म्हणायचो, ते. शेवटचं पिंप गाडीत चढवून दिलं. आता दुकानात पाण्यावरची मशीन आहे. आधी गिऱ्हाइकं हसली. एक वकीलसाहेब म्हणाले, "बाई, नळाला आठ-आठ दिवस पाणी न्हाई आन् तुम्ही कोट पाण्यात घालून राहिल्या?" मी म्हटलं, कोट तुमचा, पाणी माझ्या बोरचं, बुधवारी या. बुधवारी आले, कोट उलटापालटा करून बघितला अन् गुमान घेऊन गेले.

तुमचा नियम एकच होता. तेलातून काढलेला कपडा गच्चीवर वाऱ्याला टांगायचा, वास पुरता जाईपर्यंत गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचा नाही. मी सातवीत होते. शाळेतून आले की दप्तर ठेवायच्या आधी तुम्ही कपडा माझ्या नाकाला लावायचे, "बघ गं, गेला का वास?" मला लई कंटाळा यायचा. एकदा एक मास्तरीणबाई शालू न्यायला आल्या. तुम्ही शालू माझ्यापुढं धरला अन् मी त्यांच्यादेखत फटकन बोलले, "मला कशाला? तुमच्या नाकाला काय झालंय?" तुम्ही शालूची घडी घातली, कागदात बांधला, दिला. बाई गेल्यावर मला इस्त्रीच्या टेबलामागं बोलावलं. मला वाटलं, आता बसतीय एक. तुम्ही एवढंच म्हणाले, "मला वास येत न्हाई बाई. लई दिवस झाले. आईला सांगू नको." दुसऱ्या दिवशी शालू परत आला. वास होता.

त्याच आठवड्यात आईनं लसणाची फोडणी करपवली. सगळं घर खोकायला लागलं, अन् तुम्ही बाहेरून येऊन पाटावर बसता, पहिला घास घेता अन् म्हणता, वरण झकास झालंय. आईला तो टोमणा वाटला. दोन दिवस बोलली नाही तुमच्याशी. मी ताटात बघत बसले. आठवीला मी गेलेच नाही. लोकांना तुम्ही सांगायचे, पोरीचं अभ्यासात डोकं नाही. मीही तेच सांगत आले. दुकानाला एक नाक पाहिजे होतं, हे तुम्ही कधी म्हणाले नाहीत अन् मी म्हणू दिलं नाही.

तेल बंद करायचं तुमच्या नातीच्या डोक्यातून निघालं. माझं डोकं रोज दुखायचं, ते या तेलानंच, असं तिनं धरूनच ठेवलं. नांदेडच्या एका दुकानात पाण्यावरची मशीन आहे, तिथं मला ओढून नेलं. तिथल्या बाईनं नुकती धुतलेली रेशमी साडी माझ्या नाकाशी धरली, घ्या वास म्हणाली. काहीच नव्हता. मी तिथंच हो म्हणून टाकलं. तुम्ही असते तर त्या मशीनपाशी खुर्ची टाकून बसले असते, अन् मी तुम्हाला कपडा टांगायला उठू दिलं नसतं.

पिंप गेल्यावर दुकान परकं वाटलं. तुमच्या सदऱ्याला, हाताला, उशीला तोच वास असायचा. म्हणून घरी येऊन पेटीतलं तुमचं राखाडी स्वेटर काढलं. तुम्ही गेल्यापासून पिशवीत गाठ मारून ठेवलंय, कधी धुतलं नाही. तोंड खुपसून बसले, अप्पा. काहीच आलं नाही. मग स्वयंपाकघरात जाऊन लसूण ठेचला, हुंगला. आला वाटतं थोडा. का तो असतो हे माहीत आहे म्हणून आला, ते काही सांगता येईना.

पोरगी शेजारच्या खोलीतच होती. स्वेटर तिच्यापुढं धरून एक वाक्य विचारायचं होतं, तुम्ही मला रोज विचारायचे तेच. न विचारताच पिशवीला परत गाठ मारून पेटीत ठेवलं.