अंगणातला ट्रक

घणसोली, मंगळवार, फेब्रुवारी १९५९

आजचं आजच लिहून ठेवते.

लढाईच्या काळातला हा गंजका ट्रक ह्यांनी भंगारातून आणला, दुरुस्त करून मिठाच्या गोणी ठाण्याला न्यायच्या म्हणून. जॅक परवडत नाही. म्हणून पुढची चाकं काढून ट्रक लाकडी ओंडक्यांवर टेकवलाय, आणि हे रोज त्याच्याखाली झोपून गंज खरवडतात.

आज संध्याकाळी चहा घेऊन गेले, तर डावा ओंडका वाकडा दिसला. वाटलं, भास असेल. पुन्हा पाहिलं, तो मातीत रुतत होता. "अहो, बाहेर या." खाली हातोडी चालू होती, त्यांना ऐकूच गेलं नाही. परत हाक मारली. मग ओंडका करकरला आणि मी ओरडले, "धर्मा!"

लग्नाला इतकी वर्षं झाली, पण ह्यांचं नाव कधी घेतलं नव्हतं. नाव घेतलं की नवऱ्याचं आयुष्य घटतं, असं सासूबाई सांगतात. हे दचकून सरपटत बाहेर आले. "काय झाला?" असं विचारेपर्यंत ट्रक धप्पकन खाली बसला.

सासूबाई दारातच उभ्या होत्या. नाव त्यांनी ऐकलंच असणार. माझ्याकडे एकदा बघितलं. ह्यांना म्हणाल्या, "जॅक मिलत नाय तवर खाली जायाचा नाय." ह्यांनी मान डोलावली.

पण जेवण होताच हे पुन्हा अंगणात गेलेत. ओंडका ओढल्याचा आवाज येतोय. खरंच येतोय का? सासूबाईही ऐकतायत. आत्ता हळूच म्हणाल्या, "जा गो, नाव घेऊन हाक मार त्याला."