मॉरिशस, सर्व खर्चासह

२ फेब्रुवारी १९८६, रविवार
ठरलं. मे महिन्यात लग्नाचा पंचविसावा वाढदिवस. मॉरिशसला! कुंदा म्हणाली, तिला नुसतं बेटावर बसून समुद्र बघायचाय, कुठलंही बेट चालेल. बायकांना प्लॅनिंग कळत नाही.

९ फेब्रुवारी
अंधेरीच्या एजंटकडून तीन रिसॉर्टची माहितीपत्रकं आणली. तिन्ही ‘ऑल-इन’. राहणं, खाणं, पिणं सगळं त्यात. एकात चहा अनलिमिटेड, दुसऱ्यात नाश्ता दहापर्यंत, तिसऱ्यात होडी फुकट. घाईने बुक करतो तो मूर्ख. मार्क देणार.

१ मार्च
होडीवालं पुढे. मग आठवलं, मला बोट लागते. मार्क कापले. कुंदाने विचारलं, बुकिंग कधी? म्हटलं, अगं, उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग. ती म्हणाली, तुम्ही लग्नातसुद्धा उतावळे नव्हतात.

२३ मार्च
अनलिमिटेड जेवणात वरण-भात येतो का? चतुर्थीला साबुदाणा? एजंटला पत्र टाकलं होतं. उत्तर नाही. परदेशी व्यवहार, वेळ लागणारच.

१३ एप्रिल
आमच्या मुलुंडच्या सोसायटीचे सेक्रेटरी नाना, त्यांना सहज बोललो. फक्त त्यांनाच. संध्याकाळपर्यंत आख्ख्या बिल्डिंगला कळलं. शेजारच्या वनमालावहिनींनी लिपस्टिक आणायला सांगितली, वरच्या दशरथने टेपरेकॉर्डर. आणि इथे रिसॉर्ट ठरायचाय!

४ मे
आठला निघणार म्हणून गच्चीवर सत्कार. हार, नारळ, कुंदाची ओटी. मॉरिशसवर बोललो, झकास रंगलं. दहापर्यंतच्या नाश्त्याला टाळ्या पडल्या. कुंदा खाली मान घालून बसली होती. दमली असेल.

५ मे
रिसॉर्ट नक्की! दुसरा, अर्ध्या मार्काने. ताठ मानेने एजंटकडे गेलो. त्याने पासपोर्ट मागितले. म्हटलं, ऑल-इन ना? मग पासपोर्ट त्यातच आला. तो म्हणाला, काका, तो सरकार देतं, महिने लागतात. माहितीपत्रकात असं कुठेही छापलेलं नाही. तक्रार करणार.

६ मे
वाट लागली. नारळ घेतल्यावर घरी कसं राहणार? पण मार्ग निघाला. दहिसरला थोरल्या बहिणीकडे, उत्तराताईकडे, पंधरा दिवस गुपचूप. तिच्या गॅलरीत ऊन कडक येतं, मॉरिशसइतकं रापता येईल. लिपस्टिक-बिपस्टिक फोर्टला मिळते. कुंदाला सांगितलं. तिने बॅग भरायला घेतली. समजूतदार आहे.

८ मे
टॅक्सी निघाली. बिल्डिंगने हात हलवले. नाना विमानतळापर्यंत येणार म्हणून आत बसलेच होते, हातापाया पडून उतरवलं.
सांताक्रूझला कुंदाने टॅक्सी विमानतळाकडे वळवायला सांगितली. म्हटलं, अगं, आता नाटक कशाला, बघतंय कोण? ती बॅग घेऊन उतरली. समोर तिच्या ऑफिसातली मृणालिनी आणि बाकी बायका उभ्या. मद्रासचं विमान, पुढे बोटीने अंदमान. मार्चमध्येच नाव दिलेलं. म्हणाली, मी खूप वाट बघितली हो, आता समुद्र बघते.
मला चला म्हणाली नाही. फार वाईट वाटलं. टॅक्सी दहिसरला आणली.

१० मे
लग्नाचा वाढदिवस. ताईने शिरा केला, मी एकट्याने खाल्ला. घरी जावंसं वाटतंय. पण मुलुंडला जायची सोय नाही. तिथे मी मॉरिशसला आहे, कुंदाबरोबर.