एकेकटीच्या होड्या

३ ऑगस्ट

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

फोनवर बोललं की घरभर ऐकू जातं, म्हणून लिहायला बसले.

आमच्या भिंगरीला, तुझ्या लाडक्या भाचीला, तळ्यावर होडी वल्हवायचा सराव पुन्हा सुरू करायचाय. साथ अजून गेलेली नाही. दवाखान्याच्या प्रयोगशाळेत मी दिवसभर तेच नमुने तपासते, मला नको का कळायला? शिवाय न्यूमोनिया झाल्यापासून सासूबाईंची फुप्फुसं अधूच आहेत. मी ठाम नाही म्हटलं. तर आमचे हे म्हणतात, पोरगी पाच महिने खिडकीशी बसून वाळत चाललीय. वर मलाच विचारतात, तू दवाखान्यातून आलेली चालतेस, ती तळ्यावरून आलेली चालत नाही होय? दोन दिवस आम्ही मिठाची बरणीसुद्धा न बोलता सरकवतोय.

त्यात फजिती ऐक. क्लबला पालकांचं संमतीपत्र हवं होतं. यांनी गुपचूप 'हो' लिहून पाठवलं, मी गुपचूप 'नाही'. कोचनी दोन्ही कागद एकत्र टाचून परत पाठवले आणि वर पेन्सिलीने विचारलं, की मुलगी एकच आहे ना?

शनिवारपर्यंत काय ते कळवायचंय. तूच सांग. उत्तर धाड आणि रागावू नकोस.

तुझी,
छोटी

६ ऑगस्ट

चि. छोटीस,
अ. उ. आ.

दोन कागदांचं वाचून चष्मा काढून हसले. तुम्ही दोघं लग्न ठरल्यापासून असेच.

तू पाळण्यात होतीस, तेव्हाची गोष्ट. गोवराची साथ आली आणि आईने माझे शर्यतीचे बूट कपाटात कुलूपबंद केले. शाळेत खेळ शिकवणाऱ्या सिस्टर फाटकाबाहेर उभ्या राहून, मला धावू द्या म्हणून विनवून गेल्या. आई हलली नाही. तिचं चुकलं असं मी म्हणणार नाही, घरात तू तान्ही होतीस. पण एक सल राहिला. आईने मला धावताना कधी पाहिलंच नव्हतं. आपण कशाला नाही म्हणतोय, हे तिला ठाऊकच नव्हतं.

तुला नाही म्हणायचं तर खुशाल म्हण. आधी एकदा जाऊन बघ. नवऱ्यालाही ने, भांडायला कोणीतरी हवं ना!

पोरीला माझा पापा. जीव जपा.

तुझी,
ताई

१० ऑगस्ट

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

गेलो होतो. कोच म्हणाले, एक दिवस तिला पाण्यात उतरू द्या, मग ठरवा. मी मनात नकार घोकतच काठावर उभी होते.

एरवी आठजणी एकाच लांब होडीत बसतात आणि एक मुलगी ओरडून ताल देते. आता प्रत्येकीला वेगळी होडी आणि दोन-दोन वल्ही, मध्ये भरपूर अंतर, ताल द्यायला कोणी नाही. भिंगरी सुरुवातीला मागे पडली. मग काय झालं कोण जाणे, सोळा वल्ही एकदम पाण्यात गेली, एकदम बाहेर आली. पुन्हा. पुन्हा. शाळेत प्रार्थनेआधी सगळा हॉल गप्प व्हायचा ना, तसं झालं. मी कोचना विचारलं, हे शिकवलं कसं? ते म्हणाले, मी नाही शिकवलं; आठवडाभर मीही नुसता बघतोय. यांनी मास्क पार डोळ्यांपर्यंत ओढून घेतला होता.

होकार देऊन आलो. पण यांचा टोमणा खराच होता. सासूबाईंना धोका माझ्याकडूनही तेवढाच. म्हणून मी आणि भिंगरी आता बाहेरच्या खोलीत राहतो, दारही वेगळं. स्वयंपाक यांच्याकडे. सासूबाई आतून ओरडून सांगतात की साथीचं राहू द्या, मुलाच्या हातचं खाऊनच मी आधी जाणार.

आत्ता दुपारी भिंगरी शेजारी झोपलीय. पाच महिन्यांनी वल्हं धरलं, तळहातांची सालटी निघालीत. मलम लावलं, तरी जागी झाली नाही. या हातांची नखं मी कापत आले, ताई. आज मात्र हात धरताना जरा थांबले. थोरामोठ्यांचा धरावा तसा अलगद धरला.

तुझी माया अशीच येत राहू दे.

तुझी,
छोटी